वाचनालयातले संगणक डेबियन १२ वरून १३ वर नेताना

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात तीन संगणक आहेत आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत तिन्हींवर डेबियन १२ चालत होते. डेबियन ही विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी संगणक-प्रणाली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ प्रसिद्ध झाले तेव्हा पुढे जावे की आहे तेथेच थांबावे, असा प्रश्न पडला. एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जायचे म्हणजे यंत्रावरील जवळजवळ प्रत्येक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा प्रत्येक गठ्ठा, बदलायचे, आणि हे काम टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून कमांड देतच करावे लागते. मी ग्रंथपाल आहे. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. मोबाइलचे इंटरनेट आणि येती-जाती वीज यांच्या भरवशावर हे कसे पार पडले, ते क्रमाने लिहिते. कमांड येथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या छोट्या रोमन अक्षरांत लिहायच्या आणि यंत्रात बदल करणाऱ्या कमांडच्या आधी 'सुडो' लावायचे, म्हणजे त्या प्रशासकाच्या अधिकाराने चालतात.

घाई करण्याचे कारण नव्हते. डेबियन १२ ला १० जून २०२६ पर्यंत नियमित सुरक्षा-सुधारणा मिळणार होत्या. परंतु जानेवारीपासून दहावीची मुले संध्याकाळी अभ्यासाला येतात, आणि एसएसएलसीची परीक्षा संपेपर्यंत संगणकांना हात लावणे शक्य नसते. म्हणून दिवाळीनंतर लगेच काम उरकायचे ठरवले. नवी आवृत्ती आल्या आल्या घेण्याऐवजी पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीची वाट पाहावी, असे निपाणीच्या एका जाणकार स्नेह्यांनी सुचवले होते. ती १३.१ आवृत्ती ६ सप्टेंबरला, म्हणजे नेमकी अनंत चतुर्दशीच्या दिवशी आली. त्या दिवशी बेळगाव परिसरात संगणकाकडे कोण पाहणार! विसर्जनाचा शीण उतरल्यावर मी डेबियनची प्रकाशन-टिपणे वाचायला घेतली. ती इंग्रजीत आहेत आणि लांबलचक आहेत, तरी आवृत्तीबदलाचे प्रकरण शेवटपर्यंत वाचावेच, कारण पुढे पडद्यावर जे जे आले त्यातले बहुतेक सर्व तेथे आधीच सांगितलेले होते.

सप्टेंबरच्या मध्यास कार्यकारी समितीची बैठक झाली. खर्चाचा विषय निघताच अध्यक्षांनी विचारले, "बाई, हे फुकट मिळतंय म्हणता, मग खर्च कशाचा?" प्रश्न रास्त होता. प्रणालीला पैसे पडत नाहीत. यूपीएसची बॅटरी मात्र दमली होती, एका यंत्राची हार्ड डिस्क कुरकुरत होती आणि इंटरनेटचा डेटा विकत घ्यावा लागणार होता. तीन हजार पाचशे रुपयांपर्यंत खर्च करावा आणि पक्की बिले जोडावीत, असा ठराव झाला. ठरावाची नक्कल हाती येईपर्यंत दसरा उलटला. तोवर पैसे न लागणारी कामे मी करून घेतली.

त्यातले पहिले काम म्हणजे कोणते यंत्र पुढे जाऊ शकते, हे पाहणे. डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिटच्या संगणकांसाठी ना कर्नल (प्रणालीचा गाभा) आहे, ना इन्स्टॉलर. 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' ही कमांड दिली की बसवलेली प्रणाली कोणती, ते कळते. मुख्य यंत्रावर 'एएमडी६४', म्हणजे ६४ बिट, असे उत्तर आले. उरलेल्या दोन्हींवर 'आय३८६', म्हणजे ३२ बिट, आले आणि मन खट्टू झाले. मग 'एलएससीपीयू' देऊन प्रोसेसरची माहिती पाहिली, तेव्हा दोघांपैकी एकाचा प्रोसेसर प्रत्यक्षात ६४ बिटचा असून देणगीत येतानाच त्यावर ३२ बिटची प्रणाली बसवलेली होती, असे दिसले. अशा यंत्राची आवृत्ती नुसती वाढवता येत नाही, त्यावर नव्याने प्रणाली बसवावी लागते. तिसरे यंत्र खरोखरच ३२ बिटचे निघाले, म्हणून ते बाजूला ठेवले. थोडक्यात, आवृत्तीबदल असा एकाच यंत्राचा करायचा होता. हे आधी न पाहता बसले असते, तर विकत घेतलेला डेटा वाया गेला असता.

दुसरे काम म्हणजे परकी पॅकेजे शोधणे. डेबियनच्या भांडारातून, म्हणजे इंटरनेटवरील पॅकेजांच्या अधिकृत साठ्यातून, न आलेली पॅकेजे 'ॲप्ट-फोर्कट्रेसर' हे छोटे साधन दाखवते. मुख्य यंत्रावर तीन नावे आली: प्रिंटरच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर, दूरवरून यंत्र हाताळण्याचे एक सॉफ्टवेअर आणि एका ब्राउझरची आवृत्ती. दूरवरून हाताळण्याचे साधन कोणी, कधी बसवले होते हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा ते 'ॲप्ट पर्ज' देऊन काढून टाकले. ('ॲप्ट' हे डेबियनमधले पॅकेजे उतरवण्याचे, बसवण्याचे आणि काढण्याचे साधन.) प्रिंटरचा ड्रायव्हर काढताना हात थरथरला, कारण सदस्यांच्या पावत्या त्यावरच छापतात. म्हणून आधी 'ॲप्ट सर्च प्रिंटर-ड्रायव्हर' देऊन पाहिले. आमच्या प्रिंटरला चालणारे पॅकेज डेबियनच्याच भांडारात निघाले. ते बसवले, पावती छापून पाहिली आणि मगच कंपनीचा ड्रायव्हर काढला. ब्राउझरचे भांडार '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी' या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत होते. ती फाइल तात्पुरती बाहेर हलवून ठेवली.

'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ही कमांडही याच टप्प्यावर द्यावी. कोणे एके काळी एखादे पॅकेज जागीच थोपवून ठेवलेले असते आणि नंतर ते सर्वांच्या विस्मरणात जाते. आमच्याकडे लिबरऑफिसचे एक पॅकेज असे थोपवलेले होते. त्याला 'अनहोल्ड' केल्याशिवाय पुढची गणिते जुळत नाहीत.

बॅकअपमध्ये ग्रंथनोंदीच्या फाइली तर घेतल्याच, शिवाय 'ईटीसी' हे पूर्ण फोल्डर, '/व्हार/लिब/डीपीकेजी' आणि '/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स' ही फाइलही पेन ड्राइव्हवर उतरवली. कोणते पॅकेज मुद्दाम मागवले आणि कोणते दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आले, याची नोंद या शेवटच्या फाइलीत असते. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' या कमांडचे उत्तर एका साध्या मजकूर-फाइलीत साठवून ठेवले. आपण स्वतः मागवलेल्या पॅकेजांची ही यादी असते आणि ती बरीच आटोपशीर निघते.

याखेरीज एक चाचणी-पान तयार केले. आमच्याकडे सदस्यांची कामे मराठीत चालतात आणि तालुक्याच्या कचेरीत जाणारे अर्ज कन्नडमध्ये लिहावे लागतात, त्यामुळे दोन्ही लिप्या नीट उमटणे ही वाचनालयाची रोजची गरज आहे. त्या पानावर 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'क्ष', 'ज्ञ', 'ॲ', 'बाळ' असे शब्द आणि अक्षरे लोहित फॉन्टमध्ये, खाली कन्नडच्या जोडाक्षरांच्या दोन ओळी आणि त्याखाली पावतीचा नेहमीचा तक्ता, असे सर्व घातले. डेबियन १२ वर ते छापून तारीख घालून ठेवले.

ऑक्टोबरमध्ये ठरावाची नक्कल मिळताच बेळगावला जाऊन खरेदी केली. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे आम्हा बायकांना बसचे तिकीट शून्य रुपयांचे मिळते, तेव्हा प्रवासखर्च लावावा लागला नाही. कर्नाटकातील पत्त्याचे ओळखपत्र तेवढे जवळ हवे. यूपीएसची बॅटरी १,०५० रुपयांना, २४० जीबीची एसएसडी १,७०० रुपयांना आणि ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह ४८० रुपयांना मिळाला. बिलावर दुकानदाराने वाचनालयाऐवजी माझेच नाव घातले होते; ते तेथल्या तेथे बदलून घेतले. संस्थेसाठी खरेदी करणाऱ्यांनी दुकानाची पायरी उतरण्यापूर्वीच बिल वाचावे, हिशेबतपासनीस अशा बिलाला नंतर मान्यता देत नाहीत.

१ नोव्हेंबरला राज्योत्सव आणि काळा दिन अशा दोन्ही कारणांनी आमचे वाचनालय बंद असते आणि दुसरा दिवस रविवार होता. हेच दोन दिवस धरले. आदल्या रात्री डेबियन १२ वर 'ॲप्ट अपडेट' आणि 'ॲप्ट अपग्रेड' देऊन ती आवृत्ती पूर्ण अद्ययावत केली. मग 'नॅनो' या संपादकात '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट' ही फाइल उघडून जेथे जेथे 'बुकवर्म' हे डेबियन १२ चे नाव होते तेथे 'ट्रिक्सी' हे १३ चे नाव घातले. सुरक्षेच्या ओळीत 'ट्रिक्सी-सिक्युरिटी' असे लिहायचे असते. ओळीच्या शेवटी 'मेन' सोबत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' आहे ना, हेही पाहावे, नाहीतर वायफायचे फर्मवेअर अद्ययावत होत नाही.

पुन्हा 'ॲप्ट अपडेट' दिल्यावर नव्या भांडाराच्या याद्या उतरल्या. त्यानंतर लगेच पॅकेजे बसवायला न घेता 'ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' दिले, म्हणजे सर्व पॅकेजे फक्त उतरवून ठेवली जातात आणि चालू प्रणालीला धक्का लागत नाही. एकूण १.७ जीबी उतरवायचे होते. दिवसाचा नेमून दिलेला डेटा त्याला पुरणारा नव्हता, म्हणून जास्तीचा पॅक घेतला. रात्री रेंज बरी असते, तरी हॉटस्पॉट मध्ये मध्ये तुटतच होता. तुटला की तीच कमांड पुन्हा द्यायची. अर्धवट उतरलेली फाइल 'पार्शल' नावाच्या उपफोल्डरमध्ये राहते आणि ॲप्ट तेथून पुढे सुरू करते, त्यामुळे उतरलेला डेटा फुकट जात नाही. पहाटे केव्हातरी सर्व उतरले.

उतरलेल्या फाइली '/व्हार/कॅश/ॲप्ट/अर्काइव्हज' मध्ये असतात. पुढे जाण्यापूर्वी त्या सर्व पेन ड्राइव्हवर घेतल्या, आणि हे आधीच करण्याला कारण आहे. 'ॲप्ट' ही कमांड पॅकेज नीट बसल्यावर त्याची उतरलेली फाइल स्वतःहून पुसते. जुनी 'ॲप्ट-गेट' तसे करत नाही. त्याच फाइली दुसऱ्या यंत्राला उपयोगी पडणार होत्या. पेन ड्राइव्हवरून आणलेल्या पॅकेजवर विश्वास कसा ठेवायचा, असे कोणी विचारील. भांडाराच्या मुख्य यादीवर डेबियनची डिजिटल सही असते आणि त्या यादीच्या आधारे उतरवताना प्रत्येक पॅकेजचा हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) पडताळला जातो. पेन ड्राइव्हवरून आणून ठेवलेल्या फाइलीचा मात्र ॲप्ट फक्त आकार यादीशी ताडून पाहते आणि जुळला नाही तर ती टाकून पुन्हा उतरवते, म्हणून स्वतः उतरवलेल्या फाइलीच अशा वापराव्यात.

२ नोव्हेंबरला सकाळी प्रत्यक्ष कामाला हात घातला. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून काळ्या पडद्यावर गेले. आवृत्ती बदलताना डेस्कटॉपचीच पॅकेजे बदलत असतात. मध्येच डेस्कटॉप बंद पडला तर त्यातले टर्मिनलही जाते, म्हणून हे काम बाहेरच्या पडद्यावर करावे असे टिपणांत सांगितले आहे. आधी 'स्क्रिप्ट' ही कमांड देऊन पडद्यावरचे सर्व काही फाइलीत नोंदले जाईल असे केले. त्यानंतर 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज' दिले. ज्यांना नवे काही सोबत लागत नाही आणि काही काढावेही लागत नाही, तेवढीच पॅकेजे या टप्प्यात बदलतात. त्यामुळे मुख्य टप्प्याचा भार हलका होतो.

मग 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. पडद्यावर याद्या आल्या आणि खाली 'वाय' की 'एन' असा प्रश्न आला. येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. काढून टाकायच्या पॅकेजांची यादी इतकी लांब होती की क्षणभर छातीत धस्स झाले. ती वहीत उतरवता उतरवता एक गोष्ट ध्यानात आली: 'लिबसीयूपीएस२' काढायचे होते, तर नव्याने बसवायच्या यादीत 'लिबसीयूपीएस२टी६४' होते, 'लिबएसएसएल३' जात होते, तर 'लिबएसएसएल३टी६४' येत होते. अशा जोड्या लावत गेले तसतशी यादी आटत गेली. १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटमध्ये मोजलेली वेळ संपते. ती अडचण टाळण्यासाठी डेबियनने वेळ ६४ बिटमध्ये मोजायचे ठरवले, तेव्हा कितीतरी लायब्ररींची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या सामायिक पॅकेजांची) नावे बदलावी लागली, आणि ज्या यंत्रांवर वेळ आधीपासूनच ६४ बिटची होती तेथेही ही नवी नावे आली. जोडी न लागलेली जी मोजकी नावे उरली, त्यांत आमच्या वापरातले एकही नव्हते. लिबरऑफिस, देवनागरी व कन्नड फॉन्ट आणि टेसरॅक्टचे (छापील पानाच्या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचे) मराठी पॅकेज काढायच्या यादीत नाहीत हे पुन्हा पाहून 'वाय' दाबले.

पहिल्यांदा काम थांबल्यासारखे वाटले ते बदलांच्या बातम्या दाखवणाऱ्या पानावर. मदतीला आलेला बारावीचा मुलगा म्हणाला, "बाई, अडकलंय बघा ते." अडकलेले नव्हते, ते पान वाचून 'क्यू' दाबायचे असते. सेवा (मागे सतत चालणारे प्रोग्रॅम) न विचारता पुन्हा सुरू कराव्यात का, असा एक निळा चौकोनही येतो. तेथे टॅबने 'येस' वर जाऊन एंटर दाबावे. मग छपाई-व्यवस्थेच्या 'सीयूपीएसडी.कॉन्फ' या फाइलीबद्दल प्रश्न आला. ही फाइल आपण बदललेली आहे आणि नव्या पॅकेजातही ती वेगळी आहे, तर कोणती ठेवायची? येथे 'डी' दाबले की दोन्हींतला फरक दिसतो. प्रिंटर तिन्ही यंत्रांना वापरता यावा म्हणून घातलेल्या ओळी आमच्या फाइलीत होत्या, म्हणून 'एन' दाबून आपली फाइल राखली. नुसते एंटर दाबले तरी आपलीच फाइल राहते, हे अशा घाईच्या वेळी माहीत असलेले बरे.

पॅकेजे निम्मी-अधिक उलगडून झाली असतील, तेवढ्यात वीज गेली. ना वारा, ना पाऊस. यूपीएस ओरडू लागला. नव्या बॅटरीने वीसेक मिनिटे तग धरला आणि मग पडदा काळा झाला. वीज येईपर्यंत तासाभराहून अधिक वेळ गेला आणि तो फार जड गेला. ग्रंथनोंदी पेन ड्राइव्हवर होत्या, तरी सोमवारी यंत्र सुरूच झाले नाही तर समितीला काय सांगायचे, हा विचार सुटेना.

यंत्र जुन्या कर्नलवर सुरू झाले, डेस्कटॉप मात्र आला नाही. काळ्या पडद्यावर लॉग-इन करून 'ॲप्ट फुल-अपग्रेड' दिले, तर डीपीकेजीचे (ॲप्टच्या हाताखाली पॅकेजे प्रत्यक्ष बसवणाऱ्या साधनाचे) काम मध्येच तुटले आहे, आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या, असे त्यानेच सांगितले. प्रत्येक पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे, म्हणजे नुसते उलगडलेले, अर्धवट जुळवलेले की पूर्ण बसलेले, याची नोंद डीपीकेजी सतत ठेवत असते. म्हणूनच त्याला तुटल्या जागेपासून पुढे जाता येते. ती कमांड दिल्यावर ओळी सरकू लागल्या. काही पॅकेजांना लागणारी सोबतची पॅकेजे अजून आली नव्हती, तेवढ्या चुका दाखवून काम थांबले. मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' दिले आणि त्यानंतर पुन्हा 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. उतरवलेल्या फाइली जागेवरच होत्या, त्यामुळे इंटरनेटची गरज पडली नाही. दुपार टळून गेल्यावर काम संपले. यंत्र पुन्हा सुरू केले. डेस्कटॉप आला आणि 'युनेम -आर' ने ६.१२ चा कर्नल दाखवला.

चाचणी-पान छापून जुन्या पानावर ठेवले आणि दोन्ही कागद खिडकीशी धरून पाहिले. 'तऱ्हा' तसाच होता, कन्नड ओळी तशाच होत्या, पावतीच्या तक्त्याची शेवटची रेघ मात्र पानाबाहेर गेली होती. समास थोडा कमी केल्यावर तेही जुळले.

'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' त्या दिवशी मुद्दाम दिले नाही. आठवडाभर यंत्र वापरून पाहिले आणि मग दिले. नव्या ॲप्टमध्ये काढायची नावे लाल रंगात वेगळी दिसतात, ही मोठी सोय आहे. त्या लाल यादीत देवनागरी फॉन्टचे एक पॅकेज दिसले. ते मागे केव्हातरी दुसऱ्या पॅकेजसोबत आपोआप आले होते आणि आता त्याला कोणी वाली उरला नव्हता. 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' देऊन ते आपले म्हणून नोंदवले, की यादीतून नाव जाते. बाकीचे काढू दिले. ब्राउझरचे भांडारही, त्यात ट्रिक्सीसाठी पॅकेज आहे याची खात्री करून, परत जागेवर ठेवले.

दुसऱ्या यंत्रावर नवी एसएसडी बसवून ६४ बिटचे डेबियन १३ कोरे बसवले. त्यानंतर पेन ड्राइव्हवरची पॅकेजे त्याच्या 'अर्काइव्हज' फोल्डरमध्ये ओतली आणि मुख्य यंत्राची 'शोमॅन्युअल' यादी समोर ठेवून हवी तेवढीच नावे 'ॲप्ट इन्स्टॉल' ला दिली. बहुतेक सर्व पेन ड्राइव्हवरूनच आले, डेटा अगदी थोडा लागला. पहिल्या यंत्राच्या मानाने हे काम इतके सुरळीत झाले की त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

बॅटरी, एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि डेटाचे पॅक मिळून खर्च ठरावाच्या मर्यादेत बसला. डेटाच्या पॅकला छापील बिल नसते. मोबाइलवर आलेल्या पावतीची प्रत काढून त्यावर सचिवांची सही घेतली आणि व्हाउचरला जोडली. 'स्क्रिप्ट' ने नोंदलेली फाइल बॅकअपमध्येच ठेवली आहे, कारण पुढे काही बिघडले तर त्या दिवशी पडद्यावर काय आले होते ते तिच्यावरून पाहता येईल. तिसरे यंत्र तूर्त डेबियन १२ वरच आहे. १० जूनपूर्वी ते इंटरनेटपासून तोडून नुसत्या ग्रंथयादीसाठी ठेवायचे की बदलायचे, हा विषय मार्चच्या बैठकीत येईल.